घरचा अनुभव, दारची नोकरी

पत्र (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

पत्र लिहिणारी मुलगी २८ वर्षांची आहे. नाशिकमध्येच वाढली, समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली, आणि सध्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत एचआर विभागात काम करते. पगार ३१ हजार. वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त. धाकट्या भावाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. तो आता २० वर्षांचा, चाकाची खुर्ची वापरतो, त्याचं बोलणं घरच्यांनाच नीट कळतं. त्याचं दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), बुटांची मापं, फिजिओथेरपीच्या वेळा, सगळं ही शाळेत असल्यापासून बघत आली. आता नात्यातले, गल्लीतले, ओळखीच्या ओळखीतलेही अशा कामांसाठी तिलाच फोन करतात.

एका संस्थेने तिला दिंडोरी, पेठ आणि सुरगाणा या तीन तालुक्यांसाठी ‘केस मॅनेजर’ म्हणून बोलावलं आहे. मानधन १८ हजार, प्रकल्प दोन वर्षांचा. मुलाखतीत तिने पैशांबद्दल विचारलं तेव्हा “हे पैशासाठी येणाऱ्यांचं काम नाही,” असं उत्तर मिळालं आणि विचारल्याची तिलाच लाज वाटली. आई म्हणते, “घरात एक आहे तेवढं पुरे नाही का? आता गावचेही अंगावर घेणार?” लग्नासाठी स्थळं बघणं चालू आहे. एकांनी भावाचं कारण सांगून नकार कळवला. मेलबर्नची मामेबहीण याच क्षेत्रात आहे, ती म्हणते, करायचंच तर इकडे येऊन कर.

शेवटी ती लिहिते, “हे काम मी इतकी वर्षं फुकट करतेच आहे, मग त्याचंच करिअर केलं तर बिघडलं कुठे? की मी भावाच्या या सगळ्यातून कधी बाहेरच पडणार नाही?” संस्थेला महिनाअखेरीस उत्तर द्यायचं आहे.

उत्तर

नमस्कार.

शेवटी तुम्ही एका दमात दोन प्रश्न विचारलेत. याचं करिअर होतं का, हा पहिला. मी यातून कधी सुटेन का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कायद्यात, कोर्समध्ये, नियुक्तिपत्रात शोधता येतं. दुसऱ्याचं तुमच्या घरात आहे, आणि ते नोकरी धरून किंवा सोडून मिळणार नाही. म्हणून दोन्ही वेगळे करून बघू. आधी कामाचं.

तुमच्या मामेबहिणीचं काम आणि तुम्हाला देऊ केलेलं काम यांची जात एकच असली तरी पाया वेगळा आहे. ऑस्ट्रेलियात २०१३ पासून राष्ट्रीय दिव्यांगत्व विमा योजना आहे, सगळे तिला एनडीआयएस म्हणतात. त्यात पात्र व्यक्तीच्या नावाने आराखडा मंजूर होतो, त्याबरोबर पैसे येतात, आणि ते कोणत्या सेवेवर कसे वापरायचे याला सपोर्ट कोऑर्डिनेटर मदत करतो. आपल्याकडे माणसाच्या नावाने असा एकत्र पैसा नाही. आपल्याकडे कार्यालयं आहेत. सिव्हिल, तहसील, पंचायत समिती, ग्रामपंचायत, बँक, शाळा, एसटी डेपो. प्रत्येकाच्या हातात त्या माणसाचा एक तुकडा असतो आणि पूर्ण माणूस कुणाच्याच हातात नसतो. त्याला पूर्ण धरून ठेवणं, एका फायलीत आणि एका डोक्यात, हे आपल्याकडच्या केस मॅनेजरचं काम आहे.

समजा, पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर एक मुलगी आहे. तुमच्या भावासारखीच सेरेब्रल पाल्सी, नुकतीच अठरा पूर्ण झालेली. लहानपणीचं सर्टिफिकेट तात्पुरतं होतं, त्याची मुदत संपली. नवीन काढायचं तर सावळघाट ओलांडून नाशिकला यायचं, एसटीने, आईने उचलून. आईचा रोज बुडणार. तपासणीचा वार चुकला तर परत बुडणार. कार्ड आलं की तहसीलला संजय गांधी निराधारचा अर्ज, त्याला उत्पन्नाचा दाखला. पैसे खात्यात येणार, खात्याला आधार हवं, आणि मुलीच्या मुठी घट्ट मिटलेल्या असतात, ठसे उमटत नाहीत. आधारमध्ये अशा व्यक्तींसाठी अपवादाची सोय आहे, पण केंद्रावर बसलेल्या पोराला ती ठाऊक असेलच असं नाही. मग बँक म्हणते, सही कोण करणार? पालकत्वाचा कागद आणा. अठरानंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, हे बहुतेक घरांना बँकेच्या खिडकीवरच कळतं. तो कागद १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडून मिळतो. समितीचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात, सोबत एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग सदस्य. त्याच कायद्याखाली ‘निरामय’ आरोग्य विमा आहे. एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचासुद्धा, आणि आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही. पण दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि ते कुणी लक्षात ठेवायचं? शिवाय गावच्या ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते झाले का, कशावर झाले, हे ग्रामसभेत उठून विचारणारं कुणीतरी हवं.

खुर्चीचं तर वेगळंच. एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या सरकारी योजनेच्या शिबिरात चाकाची खुर्ची मिळते, फोटो निघतो, टाळ्या वाजतात. घरी आणल्यावर कळतं की मान आणि पाठ न सावरणाऱ्या मुलीला त्या साध्या घडीच्या खुर्चीत बसताच येत नाही. चार महिन्यांनी त्या खुर्चीवर कपडे वाळत असतात. अशी साधनं बनवणारी एलिम्को ही सरकारी कंपनी सेरेब्रल पाल्सीसाठी वेगळी खुर्ची बनवते. मोजमापाच्या दिवशी कुणी त्या खुर्चीचं नाव घेतलं असतं तर कदाचित तीच आली असती. अशा ठिकाणी एक जाणकार माणूस हजर असण्या-नसण्याने त्या मुलीचं पुढचं आयुष्य बसून जाणार की आडवं पडून, हे ठरतं. मी हे क्षेत्र जवळून पाहिलं आहे आणि या एका गोष्टीबद्दल मला अजून तितकंच वाटतं.

एवढं सविस्तर लिहिलं कारण यात कुठेही केस मॅनेजर व्यायाम घेत नाही, शिकवत नाही, उपचार करत नाही. ती फोन करते, तारीख लिहून ठेवते, पुन्हा फोन करते. साहेब बदलले की पहिल्यापासून समजावते. काम झालं की त्याचं श्रेय सरपंचाला जातं. तेव्हा स्वतःला विचारा: भावाचं काम झाल्यावर जो आनंद होतो तो भावाचा आहे की कामाचा? एका अनोळखी बाईचा तिसऱ्यांदा परत आलेला अर्ज घेऊन भर दुपारी तहसीलच्या बाकावर बसले, तर मला त्यात रस वाटेल का? गल्लीतल्या लोकांचे फोन घेताना तुम्हाला काय वाटतं, त्यात उत्तराचा अंदाज आहे. कंटाळा येतो, की पुढचं कसं सोडवायचं याचा विचार आपोआप सुरू होतो?

आता तुमच्या पत्रातलं मला खटकलेलं सांगते. भावाचं सर्टिफिकेट आहे, बूट आहेत, थेरपीच्या वेळा आहेत. तो स्वतः काय म्हणतो ते कुठेच नाही. तुम्ही ही नोकरी घ्यावी का, यावर त्याचं मत विचारलंत का? वीस वर्षांचा आहे तो. त्याचं बोलणं घरच्यांना कळतं, म्हणजे बोलतो तर नक्की. आई काय म्हणाली, मामेबहीण काय म्हणाली, मुलाकडचे काय म्हणाले, हे सगळं तुम्ही लिहिलंत. ज्याच्या नावाने हा सगळा खल चाललाय, तो मात्र गप्प आहे.

हे तुम्हाला दुखवायला लिहीत नाही. प्रेम करणाऱ्या घरांत असंच होतं. लहानपणापासून त्याचं सगळं तुम्ही ठरवत आलात, कारण कुणीतरी ठरवणं भाग होतं. पण व्यवसाय म्हणून हे काम करताना नेमकी हीच सवय आडवी येते. “मी यांना आतून ओळखते” असं तुम्हाला वाटेल, आणि समोरच्या माणसाऐवजी तुम्हाला आपला भाऊ दिसेल. दिंडोरीतला एखादा तरुण म्हणेल, मला बाजारात टपरी टाकायची आहे. त्याची आई म्हणेल, नको बाई, निराधारचे पैसे मिळवून द्या तेवढं पुरे. तुमचं बहीण म्हणून असलेलं मन आईच्या बाजूला झुकेल. केस मॅनेजर म्हणून तुमचं काम त्या तरुणासमोर धोके मांडायचं आहे, कर्ज कुठून मिळेल ते शोधायचं आहे, आणि निर्णय त्याच्या हातात ठेवायचा आहे. टपरी बुडाली तरी ती त्याने घेतलेली जोखीम असेल. आपण सगळेच अशा जोखमी घेत जगतो.

कायदाही याच बाजूला आहे. दिव्यांग हक्कांबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मधला, भारताने तो २००७ मध्ये मान्य केला, आणि त्यातून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. आधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. पण मला त्यातला मोठा बदल दुसराच वाटतो. दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे असं हा कायदा मानतो, आणि पालक नेमायची वेळ आलीच तर मर्यादित पालकत्व सांगतो, म्हणजे पालक आणि व्यक्ती यांनी मिळून निर्णय घ्यायचा. राष्ट्रीय न्यासाच्या समितीनेही आधी या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, हेच बघायचं असतं. बँकेने मागितलं म्हणून लगेच पालकत्वाचा अर्ज करणारी कितीतरी घरं आहेत. तुमच्या भावाला सगळं कळत असेल तर त्याच्यासाठीही हा प्रश्न आधी विचारा.

म्हणून म्हणते, घरचा अनुभव ही तुमची शिदोरी आहे, पात्रता नाही. पात्रता वेगळी मिळवावी लागेल.

समाजकार्याची पदवी आहे हे उत्तमच. पण पुनर्वसन क्षेत्रातल्या व्यावसायिकांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते, १९९२ च्या कायद्याखाली. विशेष शिक्षक, श्रवण आणि वाचा तज्ज्ञ, पुनर्वसन क्षेत्रातले समाजकार्यकर्ते अशा अनेक शाखा त्यात येतात, आणि नोंदणी नसताना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करणं हा कायद्याने गुन्हा आहे. नुसत्या समाजकार्याच्या पदवीवर ही नोंदणी मिळत नाही, परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम लागतो. कागदपत्रं, पाठपुरावा, समन्वय हे तुम्ही आजच्या पदवीवर करू शकता. मूल्यमापन, थेरपी, व्यायाम सांगणं करू नका. पाड्यावर गेल्यावर आया विचारतीलच, “ताई, पाय सरळ कसा करायचा?” भावाला जे सांगितलं होतं ते तुमच्या ओठावर येईल. तिथे थांबायचं आणि त्या मुलाला फिजिओथेरपिस्टपर्यंत पोचवायचं. प्रत्येकाचे स्नायू वेगळे असतात, आणि तुमच्या भावाला चाललेला ताण दुसऱ्याला इजा करू शकतो.

२०२१ मध्ये परिषदेने समुदाय-आधारित समावेशक विकासाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला. गावपातळीवर काम करणारे ‘दिव्यांग मित्र’ तयार व्हावेत असा त्याचा हेतू आहे, आणि तो मेलबर्न विद्यापीठाबरोबर आखलेला आहे, हे मामेबहिणीला जरूर सांगा. तुमच्याआधीच त्यांचं मेलबर्न इकडे आलंय. तुमच्या कामाशी सगळ्यात जवळचं शिक्षण हेच. सांकेतिक भाषेसाठी मुंबईला वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. सेरेब्रल पाल्सी तुम्हाला घरात कळली, पण तुमच्या यादीत कर्णबधिर मुलं असतील, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण असतील (आदिवासी पट्ट्यात ते असतातच, आणि सिकलसेल त्या एकवीस प्रकारांत आहे), मनोरुग्ण असतील. त्यांच्याबद्दल तुम्ही आज इतर कुणाइतक्याच नवख्या आहात. कुठलाही कोर्स घेताना ती संस्था परिषदेच्या यादीत आहे का, हे आधी स्वतः बघा. जाहिरातीवर विसंबू नका.

आता पैशांचं. मुलाखतीत तुम्हाला लाज वाटायला नको होती. प्रश्न रास्त होता.

नाशिकला या क्षेत्राची जुनी परंपरा आहे. रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर ही बौद्धिक दिव्यांग मुलांची शाळा सुरू केली ती आपल्या मुलाच्या गरजेतून. सातपूरला ‘नॅब’ने अंधांसाठी मोठं काम उभं केलं. देशभरात अशा अनेक संस्थांच्या मुळाशी एखादी आई किंवा वडील आहेत, आणि त्यांनी जे केलं त्याला मोल नाही. पण संस्थापकाच्या त्यागावरून कर्मचाऱ्याचा पगार ठरवायची एक रीत या क्षेत्रात पडली, ती मला मान्य नाही. कमी पगारावर चांगली मुलं येतात, दोन वर्षं झिजतात, आणि लग्न ठरलं किंवा बाळ झालं की जातात. त्यांच्याबरोबर तीनशे घरांची माहिती जाते. पाड्यावरच्या मुलीला दर दोन वर्षांनी नवी ताई भेटते आणि पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. म्हणजे तुमच्या कमी पगाराची किंमत शेवटी तीच भरते. पगार मागणं हा तिच्याच बाजूने केलेला विचार आहे.

तेव्हा संस्थेला परत भेटा आणि शांतपणे विचारा. एका वेळी माझ्याकडे किती केसेस असतील? तीन तालुके म्हणजे पेठ एका वाटेला आणि सुरगाणा पार टोकाला. प्रवासखर्च वेगळा की त्याच १८ हजारांत? पाड्यावर एकटीने जायचं की सोबत कुणी असेल? भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का? ‘मानधन’ लिहिलंय, मग मी कर्मचारी की स्वयंसेवक? देणगीदाराचा पैसा दोन वर्षांनी थांबला तर या कुटुंबांचं काय करायचं ठरलंय? माझ्या कामावर देखरेख कोण करणार, आणि अवघड केस घेऊन मी कुणाकडे जायचं? यातला शेवटचा प्रश्न मला पगाराइतकाच मोठा वाटतो. घरात अत्याचार दिसला, आईनेच जीव द्यायची भाषा केली, तर रात्री कुणाला फोन करायचा हे ठरलेलं नसेल तर ते ओझं तुम्ही घरी आणाल, आणि तुमच्या घरात आधीच बरंच आहे. या प्रश्नांवर संस्था रागावली तर तेही एक उत्तरच समजा. त्यांनी वही काढून लिहून घेतलं तर तिथे काम करण्यासारखं आहे.

एक तिसरी वाट तुम्ही विचारातच घेतलेली दिसत नाही. तुम्ही अंबडच्या कंपनीत एचआरमध्ये आहात. २०१६ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीने दिव्यांगांसाठी योग्य पदं कोणती, सोयी कोणत्या हे त्यात सांगून एक संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. तुमच्या कंपनीत हे धोरण आहे का? असल्यास भिंतीवर आहे की खरोखर वापरात? दिव्यांगांसाठी काम म्हणजे संस्थेतच, हे तुम्ही गृहीत धरलंय. पण प्रशिक्षण घेतलेला मुलगा शेवटी सातपूर-अंबडच्या गेटवरच येतो, आणि आत त्याच्यासाठी कुणी तयारी केलेली नसते. लाइनवर कुठलं काम बसून होईल, सुपरवायझरला खुणांनी कसं समजवायचं, स्वच्छतागृहाचं दार किती रुंद हवं, बस कुठे थांबेल, हे ठरवणारं माणूस आत हवं. तुम्हाला कारखाना कळतो आणि सेरेब्रल पाल्सीचं घरही कळतं. असे लोक मला फार कमी भेटले आहेत. सध्याच्या पगारावर, सध्याच्या खुर्चीवरून, वर्षभरात दोन-चार माणसं कामाला लावून बघा. हेही याच क्षेत्रातलं करिअर आहे, आणि पुढे कुठल्याही संस्थेत गेलात तर हा अनुभव तुम्हाला वरच्या जागेवर नेईल. शहरात आता सिंहस्थाची कामं चालू आहेत. रामकुंडापर्यंत चाकाची खुर्ची कशी जाणार, हे विचारायलाही तुमच्यासारखं कुणी पुढे यायला हवं.

संस्थेचीच नोकरी करायची असेल, तर मला ३१ वरून १८ वर येणं आज बरोबर वाटत नाही, निदान घरची गणितं मांडल्याशिवाय. ती तुम्हाला नको वाटतात, असं पत्रावरून दिसतं. त्यासाठी आईकडे येऊ.

आईच्या बोलण्यात तुम्हाला विरोध ऐकू आला. मला भीती ऐकू आली. आपण गेल्यावर याचं कोण बघणार, हा प्रश्न अशा प्रत्येक आईच्या उशाशी असतो. उत्तर तुम्हीच आहात हे तिला ठाऊक आहे आणि ते तिला बोचतंही. मुलीचं घरही यात, नोकरीही यात, मग तिचं स्वतःचं काय उरणार, असं तिला वाटत असेल. तिच्याशी नोकरीवर वाद घालू नका. एक दिवस आईवडील दोघांना बसवा, भावालाही, आणि पुढच्या व्यवस्थेचं बोला. वडील जिल्हा परिषदेतून निवृत्त आहेत. दिव्यांग मुलाला आईवडिलांनंतर आयुष्यभर कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकतं, पण त्यासाठी मुलाचं नाव आणि दिव्यांगत्वाची नोंद निवृत्तिवेतनाच्या कागदांत वडील असतानाच झालेली बरी. झाली आहे का, ते या आठवड्यात विचारा. नंतर हीच नोंद मिळवताना लोकांच्या चपला झिजतात. घर कुणाच्या नावे, मृत्युपत्र आहे का, ‘निरामय’ चालू आहे का, भावाला कुठे राहायला आवडेल, दिवसभर काय करायला आवडेल. हे कागदावर आलं की आईच्या बोलण्याचा सूर बदलतो, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. तुमच्याही डोक्यावरचं थोडं उतरेल. ‘मी कधी बाहेर पडेन का’ या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच आहे: तुम्ही त्याची बहीण कायम असणार, पण त्याची एकमेव व्यवस्था तुम्ही असायची गरज नाही. आठवड्यातून दोन दिवस त्याचं बघायला पैसे देऊन माणूस ठेवता येईल का? चुलतभाऊ महिन्यातून एकदा त्याला थेरपीला नेईल का? विचारून बघा. आजवर कुणी विचारलं नाही म्हणून कुणी केलं नाही, असंही असतं.

नकार कळवणाऱ्या स्थळाबद्दल फार बोलत नाही. सेरेब्रल पाल्सी बहुतेक वेळा जन्माआधी किंवा जन्माच्या आसपास मेंदूला झालेल्या इजेमुळे होते, ती सहसा घराण्यातून येत नाही. हे पुढच्या बैठकीत तुम्हीच सरळ सांगा, कुजबुज व्हायच्या आधी. भाऊ घरात असताना त्याला आतल्या खोलीत ठेवून चहापोहे करू नका. जो त्याला भेटून जाईल त्याचाच विचार करा.

मेलबर्नचं दार बंद करू नका, पण आज घाईही नको. तिथलं काम तिथल्या योजनेच्या नियमांवर चालतं. इथला दोन-तीन वर्षांचा नोंदलेला अनुभव आणि एखादा मान्य अभ्यासक्रम हाती असेल तर तेव्हा ठरवणं सोपं जाईल. मात्र घरापासून लांब पळता येईल म्हणून जायचं असेल, तर मामेबहिणीला नव्हे, आधी स्वतःला खरं सांगा.

आणि काहीही ठरलं तरी गल्लीतल्या फोनांना आजच शिस्त लावा. वेगळा नंबर घ्या, दोन संध्याकाळी ठरवा. प्रत्येक कामाची वहीत नोंद करा: कोण, काय अडलं, कुठल्या कार्यालयात, पुढची तारीख, संपलं का. कुणाचं सर्टिफिकेट किंवा मुलाचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, मदत मागायलासुद्धा नाही. तीन महिने अशी वही ठेवलीत तर तुम्हाला हे काम आवडतं का याचं उत्तर तिच्यातच मिळेल, आणि उद्या पगाराची बोलणी करताना दाखवायलाही काही असेल.

महिनाअखेरीस संस्थेला थेट होकार किंवा नकार देऊ नका. वरचे प्रश्न लेखी पाठवा, आणि प्रकल्पाचा अर्धवेळ भाग घेता येईल का, शनिवारी पेठ तालुका सांभाळता येईल का, हेही विचारा. अशा व्यवस्था होतात, फक्त मागाव्या लागतात. त्या मान्य झाल्या तर कंपनीच्या परवानगीने सुरू करा आणि सहा महिन्यांनी पूर्णवेळचा विचार करा. नियुक्तिपत्र, पगाराचा आकडा आणि भविष्यनिर्वाह निधीची नोंद कागदावर हातात येईपर्यंत अंबडचा राजीनामा देऊ नका. आणि पत्र पाठवण्याआधी ते भावाला वाचून दाखवा. तो काय म्हणतो ते मला कळवाल तर आवडेल.